थोरलीच्या पाराची गोष्ट

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा गावांना नावं नसत, पण झाडांना असत. अशाच एका बिननावाच्या गावात एक चिंच होती. तिला सगळे थोरली म्हणत.

थोरलीच्या सावलीत आठवड्याचा बाजार भरे. कुंभारणीची मडकी, माळणीची भाजी, तांबटाची भांडी, सगळं तिच्याखाली मावत असे. नदीपलीकडच्या गावातही एक चिंच होती आणि तिच्याखालीही बाजार भरे, पण लोक म्हणत, "सावली घ्यावी ती थोरलीचीच."

गावाचं थोरलीवर प्रेम होतं आणि ते दाखवण्याची एक रीत होती. दर वर्षी पाडव्याला प्रत्येक घरानं एक टोपली माती आणून तिच्या बुंध्याशी ओतायची. माती वाढली की तिच्याभोवतीचा दगडी पार एका थरानं उंच करायचा. शेवटचा थर पाटलांच्या वडिलांनी घातला होता, घडीव काळ्या दगडाचा. त्या पारावर हात ठेवल्याशिवाय पाटील कुठल्याही कामाला निघत नसत.

एका चैत्रात वारा नसताना थोरलीची एक जाड फांदी कडाडून खाली आली. बाजाराचा दिवस नव्हता म्हणून माणसं वाचली. कुंभारणीनं पाराशी रचून ठेवलेली मडकी मात्र फुटली.

मग लोकांनी वर पाहिलं. शेंड्याचा पाला विरळ झाला होता. खोडात ढोली पडली होती. पाटलांना पेच पडला. झाड ठेवावं आणि ते बाजारावर पडलं, तर माणसं मरतील. झाड तोडावं तर सावली जाईल, आणि सावलीबरोबर बाजारही जाईल.

लाकडाचा एक व्यापारी दुसऱ्याच दिवशी हजर झाला. त्यानं खोडावर कुऱ्हाडीचा दांडा आपटला. ढब्ब आवाज आला.

"पोकळ आहे, पाटील. तोडून टाका. सल्ल्याचे पैसे नकोत, तोडायचेही नकोत. लाकूड तेवढं मी उचलून नेईन, म्हणजे तुम्हाला कचऱ्याचा त्रास नको."

"भला माणूस आहे," लोक म्हणाले.

पाटलांचा झाड तोडायला जीव होईना. डोंगरापलीकडे एक आश्रम होता. तिथे झाडांचं वैद्यक शिकवत आणि परीक्षेत उतरलेल्यालाच तांब्याची मुद्रा देत. पाटलांनी तिथून वृक्षवैद्य बोलावली. ती प्रौढ वयाची, किरकोळ अंगाची बाई होती आणि बोलण्याआधी दोनदा विचार करायची.

म्हातारी कुंभारीण फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या गोळा करत होती. ती म्हणाली, "का गं वैद्यबाई, झाडाची नाडी बघतेस की जीभ?"

"आजी, आधी पाय बघते."

"आणि ती गळ्यातली मुद्रा पहिल्याच फेरीत मिळाली का?"

"नाही. दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा मी खात्रीनं सांगितलं होतं की झाड मेलंय. दोन्ही झाडांना पालवी फुटली."

"घ्या," कुंभारीण हसली. "पाटलांनी नापास वैद्य आणलीय."

वैद्यबाईंनी फी सांगितली. एका चांगल्या बैलाची किंमत, आणि तीही आधी. ऐकून लोकांत कुजबूज झाली.

पाटील म्हणाले, "बाई, असं करू. अर्धी आत्ता देतो. झाड जगलं तर उरलेली."

"तसं नको, पाटील. मग झाड जगावं असं मला वाटेल आणि माझी नजर बिघडेल. थोरली मरणारी असेल तर तसं सांगण्याचीही फी हीच आहे."

"पण तो व्यापारी तर फुकट सांगतोय."

"फुकट कुठे? त्याची फी त्या लाकडात आहे. म्हणून त्याला झाड पडायला हवंय. माझ्या गुरूंचा दंडक आहे, की ज्या झाडाची फी घेतली त्याची एक काटकीसुद्धा घ्यायची नाही. ते उभं राहो की पडो, मला सारखंच मिळालं पाहिजे. तुमच्या फीतून मी ती मोकळीक विकत घेते."

पाटलांना ते पटलं. मग बाजारकरांना बोलावलं. ज्यानं त्यानं आपापला वाटा दिला. कुंभारणीनंही दिला, कुरकुरत.

वैद्यबाईंनी खोडाला सगळीकडून हातोडीनं ठोकून कान दिला. ढोलीत हात घालून कड किती जाड आहे ते मोजलं. दुसऱ्या दिवशी तेच सगळं पुन्हा केलं. लोकांना वाटलं, हिला काही येत नाही. खरं तर तिला आपल्या पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवायची सवय नव्हती.

शेवटी ती म्हणाली, "पोकळ आहे हे खरं. पण ढोलही पोकळ असतो, म्हणून काही तो फुटत नाही. त्याची कड धड असली की झालं, आणि थोरलीची कड धड आहे. आता खाली बघा. झाडाचं खोड जमिनीत शिरताना पसरतं, हत्तीच्या पायासारखं. तुमची थोरली खांबासारखी सरळ गेलीय. तिचे पाय कुठे आहेत?"

सगळ्यांना टोपल्या आठवल्या.

"तुम्ही मायेनं तिला गळ्यापर्यंत पुरलंत. साल आत कुजतेय, मुळांना हवा मिळत नाही. पार काढावा लागेल, सगळे थर."

पाटील उभे राहिले. "तो माझ्या वडिलांनी घातलाय."

"माहीत आहे."

"खात्री आहे तुमची?"

"पूर्ण खात्री मला कशाचीच नसते, पाटील. जेवढं तपासता येतं तेवढं तपासलंय, आणि जे दिसलं ते सांगितलंय. पार ठेवा किंवा झाड ठेवा."

पाटील पाराजवळ गेले. त्यांनी रोजच्यासारखा काळ्या दगडावर हात ठेवला. मग तोच दगड दोन्ही हातांनी ओढून काढला. त्यानंतर गावाला सांगावं लागलं नाही.

माती खुरप्यानं आणि हातानं हळूहळू उपसली. आत कुजकी ओली साल निघाली. वाट न मिळालेली मुळं खोडाभोवतीच दोरासारखी आवळून बसली होती. वैद्यबाईंनी ती एकेक करून सोडवली, काही कापली. वरची एक जड, वाळकी फांदी उतरवली. खाली, मातीच्या तळाशी, थोरलीचे पाय दिसले. हत्तीच्या पायासारखेच होते.

त्या आश्रमाचा आणखी एक दंडक होता. ज्या झाडाला 'उभं राहील' म्हटलं, त्याच्याखाली पुढचं वादळ वैद्यानं स्वतः बसून काढायचं. म्हणून वैद्यबाई गावातच राहिली आणि तिनं थोरलीखाली खाट टाकली.

वैशाखातल्या एका दुपारी आभाळ काळवंडलं आणि वारा उठला. लोक घरात पळाले. वैद्यबाई खाटेवर बसून राहिली.

पाटील आपली घोंगडी घेऊन आले आणि शेजारी बसले. "भीती वाटते?"

"वाटते. बरोबर असले तरी वाटते."

थोड्या वेळानं कुंभारीणही आली. "माझा वाटा आहे या झाडात," ती म्हणाली आणि बसली. "पडलं तर पैसे परत मागायला मी असेन का, कोण जाणे."

वारा शेतं झोडपत आला. गावातली छपरं उडाली. थोरली करकरली, एका बाजूला वाकली, दुसऱ्या बाजूला वाकली. तिच्या मोकळ्या झालेल्या पायांनी जमीन धरून ठेवली. वादळ गेलं तेव्हा तिघांच्या डोक्यावर चिंचेचा बारीक पाला पसरला होता आणि थोरली उभी होती.

वैद्यबाईंनी मोठा श्वास सोडला, खाट उचलली आणि ती निघाली. पाटलांनी तिला चिंचेची टोपली देऊ केली. तिनं हात जोडले. "काटकीसुद्धा नाही म्हटलं होतं."

व्यापारी इथून हात हलवत गेला होता, तो नदी उतरून पलीकडच्या गावात गेला. तिथे त्यानं तोच फुकट सल्ला दिला आणि तिथल्या लोकांनी तो घेतला. खोड पडलं तेव्हा आतून भरीव, लालसर लाकूड निघालं. व्यापाऱ्याच्या गाड्या भरून गेल्या. उन्हात तिथली भाजी सुकू लागली, तसा तिथला बाजार नदी उतरून थोरलीखाली आला.

पुढच्या वर्षी शेंड्याला दाट पालवी फुटली. परगावचे लोक विचारत, "एवढं जुनं झाड टिकलं कसं?" तेव्हा कुंभारीण पदर सारखा करून सांगे, "आम्ही बैलाची किंमत मोजून आश्रमातली वैद्य आणली होती. दोनदा नापास झालेली. तसली सहज मिळत नाही."

पाडव्याची रीत त्या गावानं मोडली नाही. अजूनही प्रत्येक घरातून एक टोपली येते. फक्त ती येताना रिकामी असते, आणि थोरलीच्या पायाशी वर्षभरात साचलेली माती भरून घेऊन जाते.

तात्पर्य: शिकलेल्या माणसाला त्याची फी मानानं द्यावी, कारण फुकटचा सल्ला स्वतःची किंमत नंतर, आपल्याच सावलीतून वसूल करतो.