वडिलांचा थर

फार मागची गोष्ट. एका डोंगराच्या उतारावर एक लहानसं नगर होतं. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण ही तुमच्याबद्दल आहे.

नगरात रस्ता एकच, आणि त्याचा कारभार पंचांकडे. पंच म्हणजे पाच म्हातारे. दर पावसाळ्यानंतर रस्त्याला खड्डे पडत आणि पंच त्यावर मुरमाचा नवा थर टाकवून घेत. जुना थर उकरायचा नाही, हा नगराचा दंडक. का? तर तो कुणाच्या तरी वडिलांनी टाकलेला. त्याला कुदळ लावायची म्हणजे वडिलांच्या छातीवर पाय द्यायचा! म्हणून थरावर थर, थरावर थर. रस्ता वर्षागणिक उंच होत गेला. घरं होती तिथंच राहिली.

आधी उंबरे रस्त्याला टेकले. मग घरात जायला पायरी उतरावी लागली. मग पावसाचं पाणी घरात आणि माणसं माळ्यावर. मग दारातून वाकून जाणं आलं. लोक कुरकुरले, तेव्हा पंच म्हणाले, "वाकायला शिका. वाकल्यानं अंगी नम्रता येते."

पंचांची घरं टेकाडावर होती, हे वेगळं सांगायला नकोच.

खालची आळी तर एका वर्षी दिसेनाशीच झाली. कुणी विचारलंच तर पंच म्हणत, "गाव सोडून गेली ती माणसं. कृतघ्न होती." जाताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

त्या आळीच्या तोंडाशी शेवटचं घर उरलं होतं गोजराचं. गोजरा तरणी पोर. बाप नाही, आई पायांनी अधू, खाटेला खिळलेली. दार इतकं बुटकं झालं होतं की शेळीसुद्धा मान खाली घालून आत जाई. आईला बाहेर काढायचं तर फरफटत काढावं लागणार, आणि तिची हाडं ते सोसणार नव्हती.

गोजराला एक गोष्ट खटकत होती. या टोकाला आले की बैल बुजत. भर दुपारी, रिकाम्या रस्त्यावर, नाक फेंदारून मागं सरत. आणि खड्डे दरवर्षी नेमके तिथंच पडत. एकदा तिनं वाकून पाहिलं. पाण्यानं पडलेल्या खड्ड्याची माती खाली बसते. या खड्ड्यांची माती वर फेकल्यासारखी काठावर साचली होती. आणि आतून ताज्या भाकरीचा वास येत होता.

ती तडक चावडीवर गेली.

"आबा, ते खड्डे खालून पडताहेत."

थोरले पंच सुपारी कातरत होते. "खालून खड्डा पडतो होय? मग विहीर काय आभाळातून खणतात?"

बाकीचे चौघे खो खो हसले.

"हसा. पण यंदा रस्ता उकरा. आधी खालचं बघा, मग थर टाका. नाहीतर माझं दार बुजेल. आई आत आहे माझी."

"उकरा? वडिलांचा थर?"

"वडिलांनी नीट टाकला असता, तर तुम्हाला दरवर्षी टाकावा लागला नसता."

हसू थांबलं. दुसरे पंच कडाडले, "बघा ही आजकालची पोर! बैल बुजला की खड्डा बुजवायचा, हे आमचं शहाणपण. चार पावसाळे जास्त पाहिलेत आम्ही."

"पाहिलेत की," गोजरा म्हणाली, "टेकाडावरून."

काम सुरू झालं. मुरूम पसरत पसरत गोजराच्या दाराशी आला. टोपलीवाला हळूच म्हणाला, "पंचांचा हुकूम आहे, बाई. तू तरी बाहेर थांब."

गोजरा थांबली नाही. पोटावर सरपटत ती आत गेली आणि आईच्या उशाशी बसली. दारातली उजेडाची फट बारीक होत गेली आणि मिटली. वरून मुरूम चोपल्याचे ठोके येत राहिले.

"ढग आलेत का गं?" आईनं विचारलं.

गोजरा काही बोलणार, तोच मागच्या भिंतीवर टकटक झाली.

"कोण, गोजरा का? आलीस होय. बरं झालं, भाकरी टाकलीच आहे."

तो सगुणाकाकूचा आवाज होता. खालच्या आळीतली सगुणाकाकू, गाव सोडून गेलेली.

भिंतीतला एक दगड सरकला. पलीकडे चूल होती आणि चुलीभोवती अख्खी आळी बसली होती. मातीच्या रंगाची माणसं. पापण्यांवरसुद्धा मुरूम.

"दरवर्षी आपापल्या दाराशी वर उकरतो, बाई," काकू भाकरी थापत म्हणाली. "उजेड दिसतो न दिसतो, तोवर पंच बुजवतात."

"मग ओरडत का नाही?"

"ओरडतो की. पण मोठी माणसं आहेत. विचार करूनच बुजवत असतील."

गोजराच्या अंगावर काटा आला. अंधाराचा नाही, त्या वाक्याचा.

"काकू, वर नको. आडवं उकरा. डोंगराचा उतार आहे, सगळे मिळून खालच्या ओढ्याकाठी बाहेर निघू."

इतकी वर्षं हे कुणाला सुचलं नव्हतं, कारण प्रत्येकाला फक्त आपलंच दार हवं होतं.

त्यांनी भिंतीमागून भिंत फोडली, खाट जाईल एवढी वाट केली.

वर पंच नव्या रस्त्यावर नारळ फोडायला जमले होते. अचानक त्यांच्या तळव्यांना पावलं जाणवली. खालून. असंख्य पावलं, एकाच दिशेनं चाललेली.

"माती बसतेय," थोरले पंच म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

मग रस्त्याकडेची उरलेली दारंही आतून लागू लागली. कडीमागून कडी वाजली आणि तिथूनही पावलं त्याच खालच्या वाटेनं ओढ्याकडे उतरली. कुणी हाक मारली नाही, कुणी शिवीसुद्धा दिली नाही. हळूहळू पावलांचा आवाज विरत गेला आणि रस्ता गप्प झाला.

ओढ्यापलीकडे गोजरानं आईची खाट उन्हात ठेवली. "चटका बसतोय गं," आई म्हणाली आणि लहान मुलासारखी हसली. तिथंच नवं गाव वसलं. तिथले लोक रस्त्याला हात लावण्याआधी जुना थर उकरतात, पाण्याला वाट काढतात, आणि दोन्ही कडेच्या घरांना विचारतात.

आणि पंच? अजून तिथंच आहेत म्हणतात. दर पावसाळ्यानंतर पाचही जण कण्हत कण्हत टोपल्या उचलतात आणि थर टाकतात. रस्ता आता छपरांवरून जातो. गुळगुळीत आहे, औषधाला खड्डा नाही. पडणार कसा? खालून उकरायला कुणी नाही, वरून चालायला कुणी नाही.

तात्पर्य: माणसांची दारं गाडून उंच केलेला रस्ता कुठंच पोचत नाही.