साळुंकीच्या नकाशातलं वळण

त्या मुलखात जे नकाशात असेल तेवढंच आहे, असं धरलं जाई. नकाशात नसलेलं झाड तोडायला कुणाला विचारावं लागत नसे. नकाशात नसलेल्या घरावरून वाट गेली, तर घर मोडलं असं कुणी म्हणत नसे, कारण तिथं घर नव्हतंच.

नकाशे काढायचं काम घारींचं. उंच जाऊन, पंख न हलवता गोल गोल फिरत त्या खाली बघायच्या आणि मग झाडाच्या पांढऱ्या सालीवर नखानं रेघा ओढायच्या. रेघ अशी सुबक, की बघणाऱ्याला वाटावं, मुलूखच हिच्यावरून बेतला असेल. घारी अंडी खायच्या, पिल्लंही खायच्या. पण ते त्यांचं पोट होतं आणि हे त्यांचं काम होतं. दोन्ही एकच आहेत, असं कुणी बोलून दाखवत नसे.

त्या वर्षी मोठं तळं आटलं. म्हशींच्या कळपाला माळ ओलांडून पलीकडच्या डोहाकडे जाणं भाग होतं. कुठल्या वाटेनं जायचं ते ठरवण्यासाठी चिंचेच्या बनात नकाशांचं प्रदर्शन भरलं. रीत अशी होती की कळपाची म्होरकी म्हैस सगळे नकाशे बघायची, आणि ज्याच्यावर ती खुराचा ठसा उठवेल, त्या नकाशावरून कळप जायचा.

माळावर एका टिटवीची चार अंडी होती. टिटवीचं घर म्हणजे काय, तर जमिनीत जरासा खोलगट खळगा आणि भोवती बारीक खडे. अंडीही खड्यांच्याच रंगाची, तपकिरी, वर काळे ठिपके. दोन पावलांवरून गेलं तरी दिसू नयेत, इतकी ती खड्यांत खडे होऊन पडलेली. हे सगळं टिटवीनं जपून जपून केलेलं होतं. खडा जरा वेगळा वाटला, की ती तो बदलायची. टिटवा म्हणायचा, "अगं पुरे आता, मलाच सापडत नाहीत." तरी तिचा जीव थाऱ्यावर नसायचा.

प्रदर्शनाचं कळल्यावर ती टिटव्याला अंड्यांवर बसवून बनात गेली.

घारींचे नकाशे उंच फांद्यांना टांगले होते, मान वर करून बघावे लागायचे. तिनं माळ शोधला. ओढा होता, एकुलतं बोराचं झाड होतं, आणि मधे सगळं कोरं. त्या कोऱ्यावरून एक सरळ रेघ डोहापर्यंत गेली होती. टिटवीनं डोळ्यानं आपलं घर कुठं येईल ते बघितलं. बरोबर रेघेखाली.

नकाशाच्या शेजारी मोठी घार बसली होती. टिटवी अदबीनं पुढं झाली.

"बाई, माळावर आमचं घर आहे. ते राहून गेलंय."

"राहून गेलंय?" घारीनं मान वाकडी केली. "सगळा माळ पाहिलाय मी. गोटे आहेत नुसते. कुठं म्हणालीस?"

"ओढ्याच्या अलीकडं..." टिटवी म्हणाली आणि थांबली. घारीच्या चोचीच्या कडेला काहीतरी पिवळं वाळलेलं होतं.

"सांग की. उद्या मी स्वतः येऊन बघते. खूण काय? आणि घरात कोण कोण असतं?"

"कुणी नाही," टिटवी म्हणाली. "माझंच चुकलं बाई."

"ऐका!" घार शेजारच्या बगळ्याला म्हणाली. "घर आहे म्हणे. कुठं ते सांगणार नाही. आत कुणी नाही म्हणे. आणि नकाशात नाही म्हणून बोल मात्र आम्हाला."

बगळा हसला. आजूबाजूचेही हसले. टिटवी मागं सरकत सरकत पार बनाच्या तोंडापर्यंत गेली.

बनाच्या तोंडाशी, जिथं सगळ्यांचे पाय पडत, तिथं शिकणाऱ्या पोरांचे नकाशे मांडले होते. पोरांना अजून उंच जायची परवानगी नव्हती. ती चालत फिरून जे दिसेल ते ओल्या मातीच्या पाटीवर काढायची. कुणाचा ओढा वाकडा होता, कुणाचं झाड टेकडीपेक्षा मोठं. साळू नावाच्या एका साळुंकीच्या पाटीपाशी मात्र टिटवीचे पाय खिळले. ओढा होता, बोर होती, वाट निघाली होती, आणि माळाच्या मधोमध ती वाट वळून पुन्हा सरळ झाली होती. वळणाच्या पोटात एरंडाच्या चार बिया होत्या. तपकिरी, वर काळे ठिपके.

"मावशी, आलात?" साळू नाचतच पुढं आली. "पंख बरा आहे ना? मला बघून रोज पंख ओढत लंगडत पळायचात. मला बाई फार वाईट वाटायचं. मग एक दिवस म्हटलं, ही नेहमी एकाच बाजूला का पळते? आणि मी उलटी गेले. काय गोड आहेत हो!"

"कुणाला सांगितलंस?"

"सांगायचं कशाला? काढलंच की. आता म्होरकीआजीला दाखवते. जरासा फेर पडेल, पण कळप वळेल मावशी, नक्की वळेल."

टिटवीला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि ओरडावंसंही वाटलं. "अगं पोरी," ती हळूच म्हणाली, "म्होरकी बघेल ते खरं. पण तिच्या आधी कोण कोण बघून जाईल?"

साळूला ते कळलं नाही. "सगळेच बघतील! प्रदर्शन आहे ना?"

तेवढ्यात दोन कावळे येऊन पाटीवर वाकले.

"आयला, काय हुबेहूब आहे रे!"

"बघूनच भूक लागली."

"थांब, मस्करी नको. हा ओढा... ही बोर... बोरीपासून निघालं तर..."

वर फांदीवरून घारीनं हाक दिली, "म्होरकी येतेय, वाट करा!" कावळ्यांनी माना वळवल्या. टिटवी पाटीवर चढली आणि तिनं बियांवर पाय दिला. एकीवर, मग दुसरीवर. माती ओली होती, बिया निमूट आत गेल्या. चौथी जाईना. तिच्यावर तिनं सगळं अंग तोललं.

कावळे पुन्हा वळले. "अरे, इथं काहीतरी होतं ना?"

"खडे होते," टिटवी म्हणाली. "पायाला टोचत होते."

साळू चोच उघडी टाकून तिच्याकडं बघत होती. "मावशी, पाय दिलात? तुम्हीच?"

"दिला गं."

म्होरकी म्हातारी होती, जड होती, आणि तिला घाई होती. तिच्या मागं तहानलेला कळप होता. तरी रीत म्हणून तिनं पोरांच्या पाट्याही बघितल्या. साळूच्या पाटीशी ती थांबली.

"वाट चांगली काढलीस. पण इथं वळण कशाला? काय आहे इथं?"

साळूनं टिटवीकडं बघितलं. टिटवीनं मान हलवली नाही, डोळेही हलवले नाहीत. पण तिची मान एवढी ताठ झाली होती की साळूला उशिरा का होईना, सगळं कळलं.

"काही नाही आजी," साळू म्हणाली. "चुकून वळलं."

"चुकून वळलं!" कावळे खिदळले. "वाटेला चक्कर आली!" साळूच्या मास्तरांनी कपाळाला हात लावला. म्होरकी पुढं गेली आणि घारीच्या सरळ रेघेवर तिनं खूर उठवला. साळू आपली पाटी उचलून, ती छातीशी धरून, मातीनं माखलेली, एकटीच कोपऱ्यात जाऊन बसली. टिटवीला तिच्यापाशी जायचं होतं. पण कावळे अजून तिथंच होते, आणि आपण कुणाशी बोलतो हेसुद्धा त्यांनी बघायला नको होतं.

"काय झालं?" ती परतल्यावर टिटव्यानं विचारलं. "आलो का आपण नकाशात?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. मग अंड्यांवरून उठत म्हणाला, "बरं झालं का गं?"

टिटवी खळग्याकडं वळली. अंडी काही उचलून नेता येत नाहीत. ती त्यांच्यावर बसली, उठली, एक खडा सरळ केला आणि पुन्हा बसली. तिच्या पोटाखाली एका अंड्यात आतून कुणीतरी हळूच टकटक केली.

सकाळी जमीन हलायला लागली. आधी धूळ दिसली, मग शिंगं. सरळ येत होती, रेघ ओढल्यासारखी. टिटवा उडाला, म्होरकीच्या डोळ्यांपुढून गेला, लंगडला, पंख ओढत बाजूला पळाला. म्हशी काही टिटव्याची शिकार करणाऱ्या नव्हत्या. त्याच्या मागं कुणी गेलं नाही.

मग टिटवी अंड्यांवरून उठली. जन्मभर जे केलं नव्हतं ते तिनं केलं. खळग्यापुढं उभी राहिली, दोन्ही पंख होते तेवढे पसरले, काळे, पांढरे, सगळ्या मुलखाला दिसतील असे.

"बाजूला हो गं," म्होरकी म्हणाली. "इथं काही नाही."

"आहे!" टिटवी ओरडली. "आहे, आहे, इथं आहे!"

म्होरकी थबकली. तिनं खाली वाकून हुंगलं. तिच्या गरम श्वासानं खडे ओले झाले. मग ती उजवीकडं वळली. तिच्यामागची डावीकडं. सगळा कळप दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून गेला, आणि शेवटचं रेडकू जाईस्तोवर टिटवी पंख पसरून ओरडतच राहिली.

धूळ खाली बसली. ओढ्यापासून डोहापर्यंत सगळा माळ खुरांनी खणून काळा झाला होता. त्या काळ्यात मधोमध एकच गोल जागा कोरी राहिली होती, कुणी मुद्दाम आखल्यासारखी, आणि तिच्या मध्यावर टिटवी चार अंडी पोटाखाली घेत होती.

वर, फार उंच, घार गोल गोल फिरायची थांबली.