प्रीतिभोजनाची झाकणे

प्रभू येशूचे नाव घेणारे लोक अजून कुणाच्या तरी घराच्या अंगणात जमत, त्या काळची ही गोष्ट. सिरियाच्या किनाऱ्यावर बेथनूना नावाचे एक गाव होते. बेथनूना म्हणजे मासळीचे घर. हा अर्थ कुणाला विचारावा लागत नसे; गाव अर्ध्या कोसावर आले की तो आपोआप नाकात शिरे. या गावात संत मालखोन राहत. तिकडचे लोक त्यांना अब्बा म्हणत; आपण आपल्या सवयीने महाराज म्हणू. त्यांना चालेल. त्यांना सगळेच चालायचे, आणि काही प्रतिष्ठितांची मुख्य तक्रार तीच होती.

महाराजांची सगळी मालमत्ता म्हणजे एक झगा, एक काठी आणि एक लाकडी वाटी. कुणी भक्तिभावाने दुसरा झगा दिला, की दिवस मावळायच्या आत तो तिसऱ्याच माणसाच्या अंगावर दिसे. देणारा दुखावून विचारी, "महाराज, माझा झगा?"

"त्याचा होता बाबा. तुझ्या घरी चुकून राहिला होता," महाराज म्हणत. "तू पोचता केलास, देव तुझं भलं करो."

गावातला सर्वांत मोठा धनिक देमास. खारवलेली मासळी रांजणात घालून महिनोन् महिने उन्हात कुजवायची आणि तिचा रस गाळून विकायचा, हा त्याचा धंदा. रोमी सरदार हा रस जेवणावर तुपासारखा ओतून घेत आणि तो सोन्याच्या मोलाने विकत घेत. एकूण काय, देवाने माणसाला नाक दिले आणि देमासला पैसा दिला.

देमास वाईट माणूस नव्हता. महाराजांवर त्याची श्रद्धा होती, पण ती थोडी वरून खाली उतरणारी होती. एकदा त्याने सरळच विचारले, "अब्बा, श्रीमंताला स्वर्ग मिळतो का हो? स्पष्ट सांगा, मला तयारी करायला बरी."

"मिळतो की," महाराज म्हणाले. "दार लहान आहे, एवढंच."

"मग मोठं करून घेऊ! खर्च माझा."

महाराज इतके हसले, की त्यांच्या वाटीतले पाणी सांडले. देमासला वाटले, सूचना पसंत पडली.

रविवारचे प्रीतिभोजन देमासच्याच अंगणात होई, कारण तेवढे अंगण दुसऱ्या कुणाचे नव्हते. रीत साधी होती. ज्याने त्याने घरून जमेल ते झाकून आणायचे आणि मधल्या चटईवर ठेवायचे. मग महाराज विचारीत, "कुणी यायचं राहिलं का?" घरधनी उत्तर देई, "कुणी नाही, अब्बा. सगळे आले." मगच झाकणे निघत आणि सारे एका पंगतीला बसत. त्या काळी रविवारची सुट्टी नव्हती. हमाल, मीठ वाहणारे, धुणेवाल्या बाया दिवेलागणीला सुटत. तोवर बाकीचे थांबत.

आणि इथेच देमासचे पोट दुखू लागले. म्हणजे खरोखरच दुखू लागले. त्याच्या हंड्यांत अंजीर घालून शिजवलेले मटण असे, आणि दिवेलागणीपर्यंत ते गार होऊन त्यावर चरबीची साय धरे.

"गार मटण ही कसली हो प्रीती?" तो म्हणे. "आणि शेजारी बसणार ती शमूनी!"

शमूनी ही धुणेवाली विधवा. दिवसभर ओढ्यावर लोकांचे लोकरी कपडे तुडवायची. रविवारी ती एक टवका गेलेले मडके आणी. त्यात मसुराची आमटी, आणि वर झाकण म्हणून कोबीचे पान. देमास तिला पाहिले की नाकाला रुमाल लावी.

"आली बघा आपली राजकन्या! ए शमूनी, हे मसूर मोजून घालतेस की ओढ्यात सापडतात?"

"जे असतं ते घालते, शेठ," शमूनी म्हणे, आणि जागा पाहून बसे. टोमणे तिने पुष्कळ ऐकले होते. पण आठवड्याचे सहा दिवस लोक तिला 'ऊठ' म्हणत, 'सरक' म्हणत; या एका संध्याकाळी महाराज म्हणत, 'बस, शमूनी.' तो एक शब्द ऐकायला ती आठवडाभर कपडे तुडवी.

त्या वर्षी देमासने एक बेत मांडला. स्वतःच्या खर्चाने तो दगडी प्रार्थनामंदिर बांधणार होता. अट एकच: यापुढे दोन पंगती. पहिली दुपारी, प्रतिष्ठितांची. दुसरी दिवेलागणीला, उरलेल्यांची. म्हणजे उरलेले लोक आणि उरलेले अन्न, दोन्ही. या बेताला मान्यता द्यायला मोठ्या शहराचे महागुरुस्वामी, म्हणजे बिशप, स्वतः येणार होते. ते पहिल्या पंगतीला जेवले, की रीत कायमची ठरली.

शमूनीने हे ओढ्यावर ऐकले आणि ती धावत महाराजांकडे गेली. "अब्बा, मी आमटी दुसऱ्या पंगतीला आणू?"

"तू तुझ्या वेळेला ये," महाराज म्हणाले.

"आणि मला बसायला नाही सांगितलं तर?"

महाराजांनी हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "तर मीही उभाच राहीन की गं."

ठरलेल्या रविवारी देमासचे अंगण नवरीसारखे सजले. मधोमध तांब्याचे हंडे, घट्ट झाकलेले, वास तेवढा बाहेर. महागुरुस्वामी खेचरावरून लांबचा प्रवास करून आले होते. वृद्ध, कृश, आणि सकाळपासून उपाशी. देमासने त्यांना उंच आसनावर बसवले आणि शेजारच्या दुसऱ्या उंच आसनावर स्वतः बसला. पहारेकरी बोलोसला त्याने बजावले, "माझे पाहुणे आत आलेत. आता मोठा दरवाजा लाव. सम्राट आला तरी माझ्या हुकमाशिवाय उघडायचा नाही."

महाराज चटईपाशी उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे विचारले, "कुणी यायचं राहिलं का?"

देमासने अंगणावर नजर फिरवली. व्यापारी होते, जहाजवाले होते, त्यांच्या बायका होत्या. तो छाती काढून म्हणाला, "कुणी नाही, अब्बा. सगळे आले!"

"तू म्हणतोस तर ठीक," महाराज म्हणाले. "काढा झाकणं."

आचाऱ्याने पहिल्या हंड्याच्या झाकणाला हात घातला. झाकण निघेना. तो हसला, कपडा घेऊन पुन्हा ओढले. निघेना. दुसऱ्या हंड्याचे पाहिले, तेही नाही. सुरी घातली, सुरी वाकली. कढत पाणी ओतले, आचाऱ्याचा पाय भाजला. शेवटी देमास स्वतः उठला, भरजरी बाह्या वर सारल्या, झाकणाची कडी दोन्ही हातांनी धरली आणि "हे प्रभू!" म्हणून असा हिसका दिला, की अख्खा हंडा वर आला, झाकण मात्र जागच्या जागी!

"वाफेने बसलं असेल," एक जहाजवाला म्हणाला.

"भाकरीच्या टोपलीचंही वाफेने बसलं का?" त्याच्या बायकोने विचारले. खरेच, वेताच्या टोपलीचे विणलेले झाकण, जे मांजरसुद्धा उघडते, तेही हलेना.

महागुरुस्वामींनी हळूच विचारले, "तुमच्याकडे जेवणाची अशीच पद्धत आहे का?"

"नाही, नाही, स्वामी! एक क्षण!" देमासच्या कपाळावर घाम आला. तो महाराजांकडे वळला. "अब्बा, काहीतरी करा. माझी लाज जाते आहे!"

"मी काय करणार?" महाराज म्हणाले. "तू म्हणालास सगळे आले. झाकणांना ते पटलेलं दिसत नाही."

सगळे झाकणांकडे पाहू लागले. तेवढ्यात कुणाच्या तरी पोटात गुरगुरले. आदर म्हणून कुणी त्या दिशेने, म्हणजे महागुरुस्वामींकडे, पाहिले नाही.

दुपार टळली. सावल्या लांबल्या. बाहेर हमाल आणि मीठवाले जमू लागले होते. देमासने दातओठ खाऊन बोलोसला हुकूम दिला, "येऊ दे त्यांना. पण पुन्हा दरवाजा लाव!" ते आले, चटईवर आपापली गाठोडी ठेवून कोपऱ्यात उभे राहिले. झाकणे हलली नाहीत.

"आता कोण राहिलं?" देमास जवळजवळ ओरडलाच.

"दोघं राहिलीत," महाराज शांतपणे म्हणाले. "एक मागच्या दाराशी उभी आहे. तिला जाऊन घेऊन ये."

"शमूनी? मी जाऊ? नोकर पाठवतो."

"'कुणी नाही' हे नोकर म्हणाला नव्हता, देमासा. सगळे आले असं तू म्हणालास."

"आणि दुसरा कोण?"

"तो बाहेर आहे, पण त्याला ते ठाऊक नाही. तू जा, तो आपोआप येईल."

मागचे दार म्हणजे मोऱ्यांच्या बाजूचे ठेंगणे दार. त्याने देमास जन्मात गेला नव्हता. बोलोस दिवे लावण्यात गुंतला होता, म्हणून तो स्वतःच अडसर काढून मोठ्या दरवाजाने ऐटीत बाहेर पडला; बोलोस परतला, त्याला दरवाजा उघडा दिसला, आणि त्याने पुन्हा अडसर घातला.

घराला वळसा घालून देमास बोळात शिरला. तिथे शमूनी उभी होती, हातात वाफाळते मडके, कोबीच्या पानासकट.

"इथे काय करतेस? आत का नाही आलीस?"

"तुमच्या बोलोसने सांगितलं, शेठ. म्हणाला, शेठच्या नाकाला त्रास होतो, तू वाऱ्याच्या खालच्या अंगाला थांब."

हे वाक्य देमासचेच होते. त्याने ते ओळखले. तो घसा खाकरून म्हणाला, "चल. पुढच्या दरवाजाने जाऊ." दरवाजाशी जाऊन त्याने हाक दिली, "बोलोस, उघड!"

"हुकूम नाही," आतून उत्तर आले.

"अरे गाढवा, मी शेठ बोलतोय!"

"शेठ आत पाहुण्यांबरोबर आहेत," बोलोस म्हणाला. "ते असे रस्त्यात उभं राहून आरडाओरडा करत नाहीत. दुसऱ्या पंगतीला ये बाबा, उरलं तर मिळेल."

देमासने दारावर मुठी आपटल्या. बोलोस प्रामाणिक नोकर होता, त्याने आतून दुसरा अडसरही घातला.

आपल्याच दाराबाहेर देमास उभा राहिला. आतून अंजिराचा आणि मटणाचा वास येत होता, दिव्यांचा उजेड फटीतून दिसत होता, लोकांचे बोलणे ऐकू येत होते. आणि त्यातले काहीच त्याचे नव्हते. असे बाहेर उभे राहून ऐकणे कसे असते, हे त्याला आज प्रथमच कळत होते.

शमूनी म्हणाली, "शेठ, मागच्या दाराला कडी नसते. आम्ही तिथूनच येतो. हे जरा धरता का? मघापासून हात भाजतोय."

आणि देमासने ते मडके धरले! कसे धरले, ते त्यालाही कळले नाही. दोघे बोळातून चालू लागले. थोडे गेल्यावर देमासचे नाक वाकडे झाले.

"हा वास बघ," तो म्हणाला, पण आवाजात पूर्वीची धार नव्हती. "तू जवळ आलीस की येतोच."

शमूनी थांबली. बोळात दुसरे कुणी नाही ना, ते पाहिले. मग म्हणाली, "रागावू नका शेठ, पण तो तुमचा आहे."

"माझा?"

"मासळीचा. तुमचे कपडे मीच धुते ना! कितीही तुडवले तरी जात नाही. मी कुणाला बोलले नाही. पंगतीत शेजारी बसले, की जरा श्वास रोखून धरते, एवढंच."

देमासने आपली भरजरी बाही नाकाशी नेली. मग दुसरी नेली. इतकी वर्षे ज्या वासासाठी तो रुमाल लावत होता, तो त्या रुमालालाच येत होता.

तो तसाच पुढे चालू लागला. ठेंगण्या दाराशी आला, आणि त्याचा मानाचा उंच टोप चौकटीवर आदळून मोरीत पडला. वाकला, तरी खांदे अडले. हातात मडके होते, ते सोडले असते तर सहज गेला असता. पण देमासने मडके सोडले नाही! तो गुडघ्यांवर बसला, आमटी सांडू नये म्हणून मडके छातीशी धरले, आणि रांगत, धापा टाकत आपल्याच अंगणात शिरला. मागून शमूनी आली.

समोर महाराज उभे होते. खरोखरच, दुपारपासून ते एकदाही बसले नव्हते. त्यांनी विचारले, "कुणी यायचं राहिलं का?"

देमासने मान वर केली. अंगणात कोण कोण आहे, हे त्याने पहिल्यांदा नीट पाहिले. मग वळून दाराबाहेरच्या बोळात पाहिले. त्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "माझंच यायचं राहिलं होतं, अब्बा. आता आलो."

आणि काय सांगावे! टोपलीचे झाकण उडाले, हंड्यांची झाकणे घंटांसारखी वाजत एकामागून एक चटईवर पडली! मटणातून अशी वाफ निघाली, जणू आत्ताच चुलीवरून उतरले आहे. महागुरुस्वामी उंच आसनावरून उतरून घाईघाईने चटईवर येऊन बसले. भक्तीची घाई होती की भुकेची, हे आपण विचारू नये. मात्र त्यांनी पहिली वाटी शमूनीच्या मसुराची मागितली, आणि दुसरीही. दोन पंगतींचा विषय पुन्हा निघाला नाही.

देमासने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराज म्हणाले, "माझ्या पायांना कशाला? तुला आत घेऊन कोण आलं?" तेव्हा त्या धनिकाने शमूनीपुढे माथा टेकवला, आणि ती बिचारी संकोचून म्हणाली, "उठा शेठ, उठा." महाराजांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "त्याला ऊठ म्हणू नकोस. बस म्हण."

"बसा, शेठ," शमूनी म्हणाली. आणि त्याच्या शेजारी, श्वास रोखून न धरता, तीही बसली.

प्रार्थनामंदिर पुढे झाले, अट न घालता. त्याला दार एकच होते, आणि ते ठेंगणे होते. देमासने स्वतः उभे राहून तसे करून घेतले. दर रविवारी महाराजांनी तो प्रश्न विचारला, की म्हातारा देमास लगेच उत्तर देत नसे. तो उठे, वाकून दाराबाहेर जाई, बोळाच्या टोकापर्यंत पाहून येई. हंड्यांतले मटण तोवर थोडे गार होई. कुणी कुरकुरले, तर तो म्हणे, "थांबा हो. कुणीतरी येत असेल."