हलवायाचा शोषखड्डा

फार जुन्या काळी घडलेली ही गोष्ट. तेव्हा राजे होते, पण ही गोष्ट राजाची नाही. एका हलवायाची आहे आणि त्याच्या घरामागच्या खड्ड्याची आहे. लहानांनी नाक मुरडू नये, मोठ्यांनी हसू नये, ऐकून घ्यावी.

एका टेकडीच्या उतारावर एक गाव होते. त्या गावात हरबाजी नावाचा हलवाई आपल्या बायकोबरोबर, सगुणाबरोबर, राहत असे. सकाळी त्याच्या भट्टीवर कढई चढली की गल्लीभर तुपाचा वास दरवळे. लग्न असो की बारसे, बुंदीचे लाडू हरबाजीकडचेच. त्याची पितळी ताटे लख्ख असत, धोतर पांढरेशुभ्र असे. दुकानात एक माशी दिसली तरी तो अस्वस्थ होई.

घराच्या मागे एक शोषखड्डा होता. न्हाणीचे, मोरीचे, शौचकूपाचे सगळे सांडपाणी चरातून त्या खड्ड्यात जाई. खड्ड्याच्या भिंती चुन्याशिवाय, नुसत्या दगडांवर दगड रचून बांधलेल्या होत्या. दगडांच्या फटींतून पाणी हळूहळू जमिनीत मुरे. वर फरशीचे झाकण होते. ते झाकण हरबाजीने कधी उघडले नव्हते. उघडायची इच्छाही त्याला कधी झाली नव्हती.

एका वर्षी पाणी मुरेनासे झाले. आधी मोरीत पाणी थबकू लागले, मग चर तुंबला, मग मागच्या अंगणात काळी ओल फुटली. वास आला. तो वास हळूहळू पुढे सरकत दुकानापर्यंत पोहोचला. गिऱ्हाइके पदर नाकाला लावून उभी राहू लागली. काही जण काही न बोलता पलीकडच्या गल्लीत जाऊ लागले.

हरबाजीला भारी लाज वाटली. रिकाम्या दुकानात तो ताटे पुसत बसे. जेवणावरची त्याची वासना उडाली.

“खड्डा जुना झाला,” तो सगुणाला म्हणाला. “दहा वर्षं झाली त्याला. बुजवून टाकू आणि नवा खणू.”

सगुणा म्हणाली, “अहो, पण जागा कुठं आहे?”

जागा एकच होती, कुंपणाजवळची. कुंपणापलीकडे येसाजी कोष्ट्याचे घर होते. येसाजीची विहीर तिथून आठ पावलांवर होती, आणि तीही उताराच्या बाजूला. त्या विहिरीचे पाणी निम्मी गल्ली पीत असे. हरबाजीची बुंदीही त्याच पाण्याच्या पाकात पडत असे.

येसाजीला हे कळले तेव्हा तो माग सोडून कुंपणापाशी आला. मऊ बोलणारा माणूस होता तो. म्हणाला, “हरबाजीदादा, खड्डा इथं खणू नका. सांडपाणी विहिरीत उतरेल.”

“मग कुठं खणू? डोक्यावर?” हरबाजी तडकला. “जागा माझी आहे. घराला वास येतो तो मला येतो, तुम्हाला नाही.”

“वास आम्हालाही येतो, दादा. आम्ही बोललो नाही इतकंच.”

हरबाजीला ते शब्द झोंबले. त्याने पाठ फिरवली आणि दुसऱ्याच दिवशी नव्या खड्ड्याचे काम ठरवले. दगड रचण्यासाठी ठकूबाईला निरोप गेला. ठकूबाई बेलदारीण होती. तिचे केस पांढरे झाले होते, पण दगडावर हातोडी टेकवली की दगड कुठे फुटेल ते ती अजूनही अचूक सांगे. पंचक्रोशीतल्या निम्म्या विहिरींचे दगड तिच्या हातांनी बसवलेले होते.

ठकूबाई दोन गड्यांना घेऊन आली. गडी दगड उतरवू लागले. ऊन चढले, तशी सगुणा त्यांच्यासाठी पाण्याचा हंडा कमरेवर घेऊन अंगणातून निघाली. अंगणाच्या मधोमध गवत वाढले होते. तिने त्यावर पाय ठेवला आणि जमीन खचली.

हंडा गडगडत गेला. सगुणा छातीपर्यंत आत गेली. दोन्ही हात तिने काठावर रोवले, पण काठाची माती हातांखाली सुटत होती.

हरबाजी धावला. तो जवळ गेला तशी काठाची माती आणखी ढासळली. तो जागीच थिजला. पुढे जावे तर ती खाली जाणार, आणि उभे राहावे तरी जाणारच.

तेवढ्यात कुंपण ओलांडून येसाजी आला. त्याच्या हातात ताणा पसरायचा लांब बांबू होता. त्याने तो भगदाडावर आडवा टाकला. “वहिनी, बांबू धरा! दादा, तुम्ही ते टोक दाबा!” एका टोकावर हरबाजी आणि दुसऱ्यावर एक गडी बसला. येसाजी आणि दुसरा गडी पोटावर सरपटत गेले. त्यांनी सगुणाला काखेत धरून वर ओढले.

तिचा पाय मुरगळला होता. अंगावर काळा गाळ होता. पण ती जिवंत होती. हरबाजीने तिला मिठीच मारली. आपले पांढरे धोतर गाळात माखले हे त्याच्या ध्यानातही आले नाही.

अंगणातले ते भगदाड म्हणजे हरबाजीचा पहिला खड्डा होता. दहा वर्षांपूर्वी तोही असाच तुंबला होता. तेव्हा हरबाजीने त्यावर फळ्या टाकल्या होत्या, फळ्यांवर माती लोटली होती आणि शेजारी दुसरा खड्डा खणून घेतला होता. फळ्या कुजत गेल्या, वर गवत उगवले आणि खाली खड्डा आहे हे सगळे विसरून गेले.

सगुणाने अंघोळ केली, पायाला हळद बांधली आणि ओट्यावर बसली. जरा वेळाने ती म्हणाली, “अहो, इथं खड्डा होता हे मलाही ठाऊक होतं. मीही विसरले. आता हा दुसराही झाकला तर तोही विसरू. आणि मग तिसऱ्याचं काय?”



ठकूबाई उतरवलेल्या दगडांपाशी उभी राहून हे ऐकत होती. ती म्हणाली, “हलवाई, या दुसऱ्याला झालंय तरी काय?”

“भरलाय, आजी.”

“भरलाय की तुंबलाय?”

“दोन्ही एकच.”

“एक नव्हे. झाकण उघडून बघितलंस?”

हरबाजीने मान खाली घातली.

ठकूबाईने पहारीने फरशी सरकवली आणि सगळ्यांना लांब उभे केले. बऱ्याच वेळाने तिने दुरूनच एक लांब काठी आत घातली. वर घट्ट साय होती. ती फोडल्यावर खाली काठी सहज बुडाली. मग तिने काठीच्या टोकाने चारही बाजू चाचपल्या.

“गाळ फारसा नाही,” ती म्हणाली. “भिंतींना काहीतरी चिकटलंय आणि एका बाजूचे दगड आत फुगून पोटात आलेत. याला नवा खड्डा नको. याला हात लावायला हवा.”

“मग मी खालच्या वस्तीत निरोप धाडतो,” हरबाजी म्हणाला. “ही कामं करणारी माणसं असतात.”

ठकूबाई खाली बसली. तिचा आवाज चढला नाही.

“माझा धनी विहिरी बांधायचा. एकदा एका मोठ्या घरचा खड्डा तुंबला. त्यांनी त्याला दोर बांधून उतरवलं. वर कुणी विचारलंही नाही की आत हवा आहे का. तो बोलता बोलता गप्प झाला, तो कायमचा. म्हणून सांगते, आत कुणीही उतरायचं नाही. चार दिवस झाकण उघडं राहील. उपसायचं ते वरून, दोराला पोहरा बांधून. आणि त्याला दुसऱ्याचे हात कशाला? तुझे आहेत की.”

“आजी, माझ्या हातचं लोक खातात!”

“हात धुता येतात, लेका.”

गावभर हसे होईल, हे हरबाजीला दिसत होते. एकदा का लोकांनी त्याला तो पोहरा ओढताना पाहिले की पुन्हा कुणी त्याचा लाडू तोंडात घालणार नाही, असेही वाटत होते. पण काठावर रोवलेले सगुणाचे हात त्याच्या डोळ्यांसमोरून हलेनात. पाचव्या दिवशी त्याने दुकानाला कुलूप लावले आणि तोंडाला फडके बांधले.

त्याने पोहरा सोडला आणि ओढला. वर आलेला पोहरा घागरीत रिकामा केला आणि पुन्हा सोडला. भरलेल्या घागरी बांबूला कावडीसारख्या टांगून गावाबाहेरच्या माळावर न्यायच्या, तिथल्या चरात ओतायच्या आणि वर माती लोटायची, असे काम होते. सगुणा लंगडत चरावर माती ओढत होती. वाटेत लोक थांबून बघत. कुणीतरी ओरडले, “काय हरबाजी, आज कसली मिठाई?” सगळे हसले. हरबाजीने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी बांबू उचलताना त्याला पलीकडचे टोक हलके लागले. वळून पाहिले तर येसाजीने ते खांद्यावर घेतले होते.

“तुम्ही कशाला?” हरबाजी पुटपुटला.

“मागावर बसून बसून पाठ धरलीय,” येसाजी म्हणाला. “जरा मोकळी होईल.”

अर्ध्या वाटेवर हरबाजी म्हणाला, “मी त्या दिवशी फार वाकडं बोललो.”

“बोललात खरं,” येसाजी म्हणाला, आणि दोघे पुढे चालू लागले.

खड्डा रिकामा झाला. मग वरून पाणी ओतून तो धुतला आणि पुन्हा दोन दिवस उघडा ठेवला. ठकूबाईने दोराला दिवा बांधून तळापर्यंत सोडला. तो शांत जळत राहिला, तेव्हाच तिने हरबाजीला उतरू दिले. त्याच्या कमरेला दोर होता. दोराचे टोक येसाजीच्या हातात होते.

आत गेल्यावर हरबाजीने दगडावरून खुरपे ओढले. बोटभर जाडीचा पिवळट थर सुटून हातावर आला. त्याने तो चिमटीत चोळला. तो मऊ होता, ओशट होता. आयुष्यभर ज्या वस्तूत हात घातले ती वस्तू त्याच्या बोटांनी ओळखली.

“आजी,” तो आतून म्हणाला, “हे तूप आहे.”

“कुणाचं?”

“माझंच.”

रोज संध्याकाळी कढया कढत पाण्याने धुऊन ते पाणी मोरीत ओतायची त्याच्या घरची रीत होती. गरम असेपर्यंत तूप वाहत जाई आणि खड्ड्यात गेल्यावर दगडांवर थिजे. वर्षानुवर्षे थरावर थर चढले आणि दगडांमधली प्रत्येक फट लिंपली गेली. पाण्याला जायला वाट उरली नाही. पहिला खड्डाही असाच गेला होता. तिसराही असाच गेला असता, फक्त या वेळी येसाजीच्या विहिरीला सोबत घेऊन.

हरबाजीने एकेक दगड खरवडला. पोटात आलेले दगड ठकूबाईने सांगितल्याप्रमाणे काढून पुन्हा बसवले आणि त्यांच्या मागे खडी भरली. खड्ड्याच्या अलीकडे ठकूबाईने एक लहान दगडी टाके बांधले. त्यात तूप वर तरंगे आणि पाणी खालून पुढे जाई. वरचा थर रोज सकाळी काढून टाकायचा. अंगणातला पहिला खड्डा दगड आणि मुरूम भरून धुम्मसाने ठोकून पक्का केला. आणि सगुणाने घरात नवा नेम घातला. कढई धुण्याआधी कोंड्याने पुसायची, आणि तो तुपकट कोंडा गाईपुढे ठेवायचा.

सगळे झाल्यावर त्यांनी दहा घागरी पाणी एकदम चरात सोडले. चौघे काठावर उभे राहून बघत होते. पाणी चढले, क्षणभर थांबले आणि मग हळूहळू खाली उतरत गेले. ठकूबाईने समाधानाने मान हलवली. हरबाजीच्या डोळ्यांत पाणी आले.

दुकान उघडले. दोन दिवस कुणी आले नाही. हरबाजीने केलेले लाडू तसेच राहिले. तिसऱ्या दिवशी गल्लीतली एक बाई आली. तिच्या लेकीचे लग्न होते.

“पाच पराती बुंदी हवी,” ती म्हणाली.

हरबाजीने भीत भीत विचारले, “माझ्या हातची चालेल?”

“लोकं म्हणतात नको. पण मी म्हटलं, ज्यानं घरामागचं इतकं निगुतीनं साफ केलं, तो कढई कशी ठेवत असेल?”

त्या लग्नात बुंदी संपली. हळूहळू गिऱ्हाइके परतली. विहिरीचे पाणी जसे होते तसेच गोड राहिले. गावात आणखी चार-पाच घरे नवे खड्डे खणायच्या बेतात होती. त्यांनी आधी आपापली झाकणे उघडली. कुणाच्या खड्ड्यात राख निघाली, कुणाच्या चिंध्या. त्यांना वाट दाखवायला ठकूबाईबरोबर हरबाजी स्वतः जाई, आणि दिवा शांत जळेपर्यंत कुणालाही खाली उतरू देत नसे. त्याचा खड्डा पुढे कितीतरी वर्षे बिनबोभाट चालला.

तात्पर्य : बिघडलेली वस्तू टाकून नवी आणण्याआधी ती आपल्या कोणत्या सवयीने बिघडली ते स्वतः पाहावे, कारण सवय तीच राहिली तर नवी वस्तूही तशीच बिघडते.