पाचवा सागरगोटा

ठकूच्या पायात चपला नव्हत्या आणि डोक्यात मात्र प्रश्नच प्रश्न होते. बाबा देवाघरी गेले, तशी तिची आई बकुळा तिला घेऊन आपल्या माहेरगावी परत आली. गळक्या छपराच्या एका इवल्याशा खोलीत दोघी राहत. आई दिवसभर गजरे ओवी आणि ठकू गावच्या बागेतून फुलं वेचून आणी.

बाग कसली, रंगांची उधळणच! लालचुटूक जास्वंदी, पिवळीधमक शेवंती, निळी निळी गोकर्ण. तिथला माळी सोपानकाका, आईचा लहानपणीचा सवंगडी. फावल्या वेळी तो विहिरीच्या कट्ट्यावर एकटाच सागरगोटे खेळत बसे. तेही चारच!

"पाचवा कुठं गेला, काका?"

"विहिरीत," काका म्हणाला आणि उगाचच झारी शोधू लागला. झारी त्याच्या हातातच होती.

ठकूनं घरी हे सांगितलं, तर आईचा चेहरा लालेलाल झाला. "चार सागरगोट्यांनी कुणी खेळतं का? वेडाच आहे!" तिनं अख्खा गजरा उलटसुलट ओवला. मग उसवला. मग खुदकन हसली, मग डोळे पुसले.

"लग्न होऊन निघाले, तेव्हा त्यानं पाचवा माझ्या हातात ठेवला. तोंडातून मात्र चकार शब्द नाही! मी रागानं विहिरीत भिरकावला." मग एकदम म्हणाली, "ठकू, उद्या आपण मामाच्या गावी जायचं. कायमचं. मला इथं काही सुचेनासं झालंय."

ठकूला काहीच कळेना. लाल चेहरा, उलटसुलट गजरा, काही सुचत नाही... म्हणजे आईला ताप आलाय! आणि ही बाग सोडून जायचं?

सकाळी ती बागेत गेली, तर शेवग्याच्या डिंकात एक चिमुकली परी अडकलेली. पंख मोरपिशी, अंगावर दवबिंदूंची चमचम. ठकूनं प्यायला आणलेलं लोटीभर पाणी ओतून डिंक हळूहळू भिजवला आणि पंख अलगद सोडवले.

"गुणाची गं बाई माझी!" परी म्हणाली. "माग एक इच्छा. पण नियम आहेत हं! मुठीत मावेल तेवढंच मागायचं. आणि कुणाचं मन मला वळवता येत नाही."

ठकूनं आपल्या भेगाळलेल्या पायांकडे पाहिलं. चपला काही मुठीत मावत नाहीत. छप्पर तर नाहीच. पण औषध मावतं!

"आईच्या तापावर औषध दे."

"कधी येतो ताप?"

"सोपानकाकांचं नाव काढलं की."

परी खुदुखुदु हसली. "तीनशे वर्षांची झाले गं, पण हा ताप मलाही नीट कळलेला नाही. बघते काय जमतं ते." तिनं ठकूच्या हातात काहीतरी ठेवून मूठ मिटवली. " दोघं समोर असतील तेव्हाच मूठ उघड."

एवढ्यात ठकूला शोधत आई फाटकाशी आली. हातात ट्रंक.

"निघालीस?" सोपानकाकानं विचारलं.

"हो."

"बरं."

आणि दोघंही जागच्या जागी उभे! ठकूनं धावत जाऊन मूठ उघडली. आत राखाडी, गुळगुळीत सागरगोटा.

"हे कसलं औषध!" ठकूला रडूच कोसळलं. इच्छा वाया गेली!

पण आईनं तो उचलला, लहानपणी करायची तसा कट्ट्याच्या दगडावर खसाखसा घासला आणि सोपानकाकाच्या मनगटाला टेकवला.

"अयाई गं! चटका!"

"तेव्हा का नाही बोललास?"

"भ्यालो होतो," काका मनगट चोळत म्हणाला. "आजही भितोच आहे. पण जाऊ नकोस, बकुळे."

आई ट्रंक खाली ठेवून तिच्यावरच बसली. "आधी पाच घेऊन खेळून दाखव. बघू, जमतंय का अजून."

पाचही सागरगोटे उन्हात उंच उडाले. ठकू शेवग्याकडे पळाली.

"परी, परी, ताप उतरला का गं?"

"उतरतोय कसला! आता दोघांनाही चढलाय."

"मग आम्ही मामाकडे जायचं की नाही?"

"ट्रंकेवर बसलेलं माणूस गावाला जात नसतं, बाळ. आणि हे घे, तू स्वतःसाठी काही मागितलं नाहीस म्हणून."

सोनेरी उजेडाचा एक लखलखता झोत आला आणि परी त्यात विरघळून गेली. गवतात दोन लाल लाल चपला चमकत होत्या. ठकूनं त्या घातल्या. पायांना अगदी बरोब्बर बसल्या. डोक्यातले प्रश्न मात्र अजून तसेच होते.