पाचवीचं तोंड

ऐका, फार जुनी गोष्ट. पारवाडीत तेव्हा धाकू चितारी राहायचा. सातेरी देवीच्या देवळाची भिंत रंगवायला त्याच्याकडे आली. त्यावर पाच कला काढायच्या होत्या, पाच बहिणींच्या रूपात.

चिताऱ्यांचा एक नेम असतो. सगळ्या आकृत्या पुऱ्या झाल्या की मगच एका बैठकीत साऱ्यांचे डोळे उघडायचे, म्हणजे बुबुळं काढायची. पण गायन, वादन, नृत्य आणि कथा अशा देखण्या उतरल्या, की धाकूला दम धरवेना. चौघींचे डोळे त्याने आधीच उघडले. आणि चौघी जाग्या झाल्या, असं म्हणतात.

आता राहिली चित्रकला. तिचं तोंड कसं असतं, हे धाकूला काही केल्या सुचेना. गायन म्हणाली, "माझ्यासारखं काढ." वादन म्हणाली, "माझ्यासारखं." एकीसारखं काढलं की बाकीच्या तिघी माना फिरवत आणि रंग ओघळून जाई. त्याने बायकोचं तोंड काढलं, मग स्वतःचं. तेही ओघळलं. बिचारा पार चक्रावला. जेवताना कालवणात बोट बुडवून पाटावर नाकं काढत बसायचा.

देवळाचा मानकरी विसराम तापट माणूस. तो म्हणाला, "धाकू, जत्रेदिवशी भिंत अर्धी दिसली तर सगळ्यार चुनो मारतलंय!"

म्हणजे चौघीही जाणार.

जत्रेच्या सकाळी विसराम चुन्याची बादली घेऊन हजर. पाचवी तशीच, बिनतोंडाची. धाकूला रडू फुटलं. त्याने कुंचला विसरामच्या हातात कोंबला.

"माका कायएक कळणा नाय. तुमीच काढा."

विसरामने जन्मात कुंचला धरला नव्हता. पण सारा गाव बघत होता, माघार कशी घेणार? त्याने एक डोळा वर, एक खाली काढला, आणि नाक तर पार कानाकडे गेलं. ते बघून भिंतीवरच्या चौघी एकदम खदखदून हसल्या. पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. रंग टिकला आणि चुना बादलीतच राहिला.

धाकूही हसला, पण कपाळावरची आठी काही गेली नाही. मरेपर्यंत तो रोज पाचवीसमोर बसून विचारायचा, "असा कसा?" असं म्हणतात.

विसरामने काढलेलं तोंड पुढच्या जत्रेला आपोआप पुसलं गेलं. तेव्हापासून दरवर्षी पाचवीचं तोंड नव्याने काढायला, ज्याने कधी कुंचला धरला नाही असा माणूस गाव शोधून काढतो. कोणी नांगरवाला, कोणी नवी सून. तो कुंचला परत देऊ लागला की सगळे एका सुरात म्हणतात, "धाकूक पण कळला नाय. तू काढ!"