खुराड्यात कोंडलेली थंडी

काय गं सुमे, झरोका बंद कर म्हणतेस? थांब, आधी गोष्ट ऐक. आणि तू रे गण्या, पाय पांघरुणात घे.

एक होता राजा. असू दे तो त्याच्या महालात, आपल्याला काय करायचंय त्याच्याशी! त्याच्या राज्यात डोंगराखाली एक गाव होतं, आणि गावाच्या टोकाला राहायची गजराबाई. एकटीच. घरात एक चूल, एक गोधडी, आणि अंगणात खुराडं. खुराड्यात सात कोंबड्या. त्यातली एक होती कवडी. काळी, पांढऱ्या ठिपक्यांची, एका पायानं लंगडी.

लंगडी का, सांगू? पावसाळ्यात एकदा भरदुपारी घरात लांबडं शिरलं. लांबडं म्हणजे साप, बरं का. गजराबाई जेवून जरा लवंडलेली. साप सरसरत तिच्या उशाशी आला. तशी कवडीनं ओरडून घर डोक्यावर घेतलं, सापावर झेपच घेतली. गजराबाई वाचली, पण झटापटीत कवडीचा पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून गजराबाई रोज आपल्या ताटातला पहिला घास तिला द्यायची. म्हणायची, "तुझ्यामुळे जेवतेय गं बाई."

मग आली थंडी. अशी की बोटं वळेनात! गजराबाईला एकच घोर, माझी कवडी गारठली तर? मग तिनं काय केलं, खुराड्यात भाताचा पेंढा पसरला आणि दाराला गोणपाट लावलं. सकाळी बघते तर पेंढा ओला.

"फटीतून दव आलं असणार," ती म्हणाली. मग तिनं शेणमाती कालवली आणि एकूण एक फट लिंपून टाकली. मुंगीला शिरायला जागा ठेवली नाही. पेंढा काढून आपली जुनी लुगडी अंथरली. सकाळी बघते तर लुगडी ओलीगच्च, आणि कवडी मान टाकून बसलेली. श्वास घेतला की नुसती घरघर.

मग तिसऱ्या संध्याकाळी तिनं आपली एकुलती एक गोधडी नेऊन कवडीखाली घातली. वेडीच ती! स्वतः चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन पडली. आता गोधडीशिवाय झोप कुठली लागायला? फटफटलं तशी उठली आणि अंगणात आली. तर खुराड्यातून कोणीतरी मुसमुसतंय! कोंबड्या काय अशा रडतात होय? गजराबाईनं दार उघडलं.

आत कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती. एवढीशी. पांढरे केस, निळी बोटं, आणि डोळ्यांतून टपटप पाणी.

"कोण गं तू?"

"मी थंडी."

गजराबाई असली भडकली! "सटवे, माझ्या कवडीच्या जिवावर उठलीस? मी सगळी भोकं बुजवली, तू आलीस कुठून?"

"दिवसा दार उघडं होतं, तेव्हाच आले," म्हातारी हुंदके देत म्हणाली. "घटकाभर टेकते आणि जाते मी. पण तू जायला वाटच ठेवली नाहीस. कोंडलं की मला रडू येतं गं. मग सगळं अंथरूण भिजतं. तुझी कवडी गारठ्यानं नाही, त्या ओलीनं आजारी पडलीय."

गजराबाईनं कपाळावर हात मारला. अगंबाई, म्हणजे माझ्याच हातानं! कवडीकडे तिला बघवेना. मग तिनं पदरानं म्हातारीचे डोळे पुसले. पदर गारठून ताठ झाला, तरी पुसले. "चुकले मी. आता काय करू ते तूच सांग."

"वर छपराखाली, कोंबड्यांच्या डोक्यांच्याही वर, वीतभर झरोका ठेव. खालच्या फटी बुजलेल्याच राहू देत, वारा अंगावर यायला नको. आणि अंथरूण मऊ कसलं बघतेस? कोरडं बघ. भाताचं तूस घाल चांगलं जाड."

मग काय, गजराबाईनं पदर खोचला. झरोका पाडला. गोधडी उन्हात टाकली. दारोदार फिरून भाताची टरफलं मागितली. एक टोपली, दोन टोपल्या, तीन टोपल्या. सगळं तूस खुराड्यात पसरलं.

संध्याकाळी थंडी आली, टेकली. झरोक्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच हसली. "मी दिसले की सगळे दारं लावतात. मला जायला वाट ठेवलीस ती तू एकटीनं. तुझे उपकार कसे फेडू? जाताना कवडीची घरघर पदरात बांधून नेते." आणि गेली की झरोक्यातून, भुर्रकन!

सकाळी गजराबाईनं भीत भीत तुसात हात घातला. कोरडं खडखडीत! आणि कवडी? ती लंगडत लंगडत बाहेर आली आणि अशी ओरडली, अशी ओरडली, की सगळं गाव जागं झालं. गजराबाईनं तिला उराशी धरलं आणि पोटभर रडली.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती झरोक्याकडे बघून म्हणायची, "ये बाई, टेक, आणि सुखानं जा." गजराबाई, सात कोंबड्या आणि ती थंडी, सगळ्या गुण्यागोविंदानं राहिल्या. राजाही राहिला असेल, मी काही विचारायला गेले नाही.

कळलं ना सुमे, आपला झरोका उघडा का ते? बघ, आली वाटतं ती. टेकू दे घटकाभर. म्हण तिला, सुखानं जा. म्हटलंस? शहाणी माझी बाय. आता ओढा पांघरूण आणि मिटा डोळे.